ट्रॅव्हलिंग: लेकीवर तीन शिट्ट्या, नेमकं चुकलं कुठे?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. क्रिकेटवर इथे धागे पैशाला पासरी आहेत, बास्केटबॉलवर शोधून एक सापडला नाही, म्हणून हा काढतोय.

लेक आठवीत आहे, शाळेच्या १४ वर्षांखालच्या संघात खेळते. गेल्या शनिवारी मॅच होती, २ गुणांनी हरलो. हरल्या त्या, घसा बसला माझा. तिच्यावर तीनदा ट्रॅव्हलिंगची (चेंडू हातात असताना पाय बेकायदा हलवल्याची) शिट्टी वाजली आणि तिन्ही वेळा चेंडू समोरच्या संघाला मिळाला. परत येताना गाडीत खिडकीबाहेर बघत बसली होती. वडापावला थांबायचं का विचारलं, तर मानसुद्धा हलवली नाही.

मी शाळेत असताना कबड्डी खेळलो. बास्केटबॉलमधलं माझं भांडवल एवढंच, की चेंडू हातात धरून दोन पावलं चालतात, तिसरं पडलं की पोरं "स्टेप्स!" म्हणून ओरडतात. तेवढ्यावर मी पंचांना चार शब्द सुनावले, त्याची आता लाज वाटतेय. पण मोबाईलवर शूटिंग केलं होतं. ते हळू करून बघितलं आणि गोंधळ वाढला. तिन्ही प्रसंग सांगतो.

पहिला: ती उभी होती, पास आला. उजवा पाय पुढे टाकला आणि टप्पा मारत सुटली. माझ्या हिशेबानं एकच पाऊल. शिट्टी.

दुसरा: अर्ध्या कोर्टवरून ड्रिबल करत (चेंडूला टप्पे मारत) आली, बास्केटजवळ दोन्ही हातांनी चेंडू धरला आणि ले-अप, म्हणजे पळत जाऊन जवळून मारलेला शॉट. पावलं मोजली तर डावा, उजवा, डावा. तीन. म्हणजे ही शिट्टी बरोबर असावी.

तिसरा: रिबाउंडच्या (हुकून परत आलेल्या चेंडूच्या) झटापटीत पडली, चेंडू पोटाशी धरला आणि उभी राहिली. पाऊल एकही नाही. तरी शिट्टी!

माझा निकाल: एक बरोबर, दोन चूक. जाणकारांनी सांगावं. तिला समजावायचंय, पण आधी मला समजायला हवं.

टवाळ_टग्या

ट्रॅव्हलिंग वाचून धागा उघडला. म्हटलं कोकणात कुठे उतरायचं ते कळेल. चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

शिट्टीवाला

जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे चार शब्दांची सवय आहे, मनाला लावून घेऊ नका. पण तुमचा निकाल बरोबर उलटा आहे. पहिली आणि तिसरी शिट्टी योग्य. दुसरी, तुम्ही वर्णन केलंय तसंच घडलं असेल तर, पंचांची चूक.

पावलं मोजायची सवय आधी सोडा. आम्ही ट्रॅव्हलिंग बघतो तेव्हा प्रश्न पहिला हाताचा असतो, पाय नंतर. चेंडू ताब्यात आला कधी? ड्रिबल चालू असताना चेंडू हाताला लागलेला नसतो, तेवढ्या वेळात एक पाऊल टाका नाहीतर पाच, नियमाची हरकत नाही. दोन्ही हात एकदम चेंडूला लागले किंवा चेंडू एका हातावर विसावला, की ड्रिबल संपला. पायांचा हिशेब तिथून सुरू होतो.

त्यानंतर बघायचं की खेळाडू त्या क्षणी उभा होता की धावता.

उभा असेल तर सोपं आहे. दोन्ही पाय जमिनीवर असताना पास मिळाला, तर पहिल्यांदा जो पाय उचलाल तो मोकळा आणि उरलेला पिव्हट. पिव्हट म्हणजे परकाराचं टोक. मोकळ्या पायानं पुढे, मागे, गोल, दहादा टाका. टोक जागेवरून हललं की ट्रॅव्हलिंग.

मुलांची गफलत इथून पुढे होते. पिव्हट उचलायला बंदी आहे असं त्यांना वाटतं, आणि ते अर्धंच खरं आहे. पास द्यायचा किंवा शूट करायचं असेल तर पिव्हट उचलता येतो, फक्त पाय परत टेकायच्या आत चेंडू हातातून गेला पाहिजे. ड्रिबल सुरू करायचा असेल तर क्रम उलटा: आधी चेंडू सुटला पाहिजे, मग पिव्हट उचलायचा. तुमच्या लेकीनं उजवा पाय पुढे टाकला म्हणजे डावा पिव्हट झाला. व्हिडिओत एवढंच बघा, की डावा पाय सुटला तेव्हा चेंडू कुठे होता.

तिसऱ्या प्रसंगाचं उत्तर लहान आहे. चेंडू धरून पडलात आणि घसरत गेलात, चालतं. जमिनीवर बसल्या-लोळल्या चेंडू मिळाला, तेही चालतं. पण चेंडू धरून लोळण घेतली किंवा उठायचा प्रयत्न केला की ट्रॅव्हलिंग. पाऊल पडायची गरजच नाही.

दुसऱ्यावर सविस्तर रात्री लिहितो, आत्ता क्लासला पोरं येऊन उभी आहेत.

रात्रपाळी

दुसऱ्यावर मी लिहितो. त्याला गॅदर म्हणतात, आपली पोरं झीरो स्टेप म्हणतात. धावताना चेंडू ताब्यात येतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर असेल, तो मोजायचा नाही. शून्य. पुढचा एक, त्याच्या पुढचा दोन, आणि चेंडू सुटला पाहिजे. डावा शून्य, उजवा एक, डावा दोन. शुद्ध ले-अप आहे. अभिनंदन, तुमच्या लेकीला लुटलं.

एनबीएनं (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) दोन पावलांची मुभा २००९ मध्ये नियमात स्पष्ट लिहिली, २०१९ मध्ये गॅदर म्हणजे काय तेही लिहून टाकलं. तरी दर सीझनला "एनबीएत ट्रॅव्हलिंग देतच नाहीत" हे रडगाणं असतंच. तिथल्या हार्डनचा स्टेप-बॅक (मागे सरकून मारलेला शॉट) लागला की आमच्या ग्रुपवर पहाटे सहाला युद्ध.

शिट्टीवाला

रात्रपाळी, शून्याचं बरोबर आहे, पण एनबीएच्या दाखल्यावर आपल्याकडे मॅच चालत नाही. भारतात फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेचं, नियमपुस्तक, त्यातला २५ वा नियम. सुदैवानं हा मुद्दा फिबानंही १ ऑक्टोबर २०१७ पासून बदलला. पहिलं पाऊल म्हणजे चेंडू ताब्यात आल्यानंतर जमिनीला लागलेला पाय. ताब्यात येतानाच जो टेकलेला होता, तो त्याच्या आधीचा.

२०१७ पूर्वी तोच पाय पिव्हट धरला जायचा. त्यामुळे डावा, उजवा, डावा हे त्या काळात ट्रॅव्हलिंगच होतं. जुन्या वळणाचे पंच आणि जुन्या वळणाचे कोच अजून तसंच मोजतात. मलाही सवय मोडायला एक सीझन लागला. दिसलं की शिट्टी ओठांवर यायची.

एक अट मात्र लोक विसरतात. शून्याची मुभा धावत्या खेळाडूला आहे. उभ्यानं पास घेऊन "हे माझं शून्य" असं म्हणता येत नाही. आणि धावताना पास घेऊन पुढे ड्रिबल करायचा असेल, तर दुसरं पाऊल टेकायच्या आत चेंडू हातातून सुटलेला हवा. दोन पूर्ण पावलं मिळतात ती थांबण्यासाठी, पाससाठी किंवा शूटसाठी.

चौथा_मजला

दंडवत! म्हणजे मी जिथे पंचांवर ओरडलो तिथे ते बरोबर होते आणि जिथे मुकाट बसलो तिथे ओरडायला हवं होतं.

पहिला प्रसंग फ्रेम-फ्रेम करून बघितला. माझा फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो. उजवा पाय टेकलाय. चेंडू अजून दोन्ही तळव्यांत, उजव्या मांडीच्या बाजूला. आणि डाव्या बुटाची टाच वर, मग चवडा वर, पूर्ण बूट हवेत. चेंडू हातातून सुटतो तो यानंतर तिसऱ्या फ्रेमला. म्हणजे सगळा गुन्हा सेकंदाच्या दहाव्या भागाचा! पंचांना हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं?

शिट्टीवाला

दिसतं, कारण आम्ही तेवढंच बघत असतो. प्रेक्षक चेंडूकडे बघतात. खेळाडूनं चेंडू पकडला, की माझी नजर आधी पिव्हटवर जाऊन बसते. आणि तिसऱ्या फ्रेमचं म्हणाल, तर पिव्हट सुटून चेंडू हातात राहिला की अंगाची एक विशिष्ट झेप दिसते, जणू पोरगी चेंडूच्या आधी निघाली. ती ओळखीची झाली की चुकत नाही. सहसा.

टाच वर गेली त्याला हरकत नाही बरं का. चवडा त्याच जागी टेकलेला असेल तर पिव्हट शाबूत आहे, फिरताना टाच उचलावीच लागते. चवडा सुटला किंवा सरकला, तेव्हा प्रश्न.

पाटीवरची

मी खो-खोवाली, राज्य पातळीपर्यंत खेळलेली. बास्केटबॉल फक्त भाचीमुळे बघते. हे वाचून एकदम उजेड पडला. आमच्याकडे चढाई करणाऱ्यानं एकदा दिशा पकडली की खांब गाठल्याशिवाय मागे वळता येत नाही, खांदा जरी उलटा फिरला तरी फाऊल. पिव्हटही तसाच दिसतो. निवड तुमची, पण एकदा केली की बदलता येत नाही.

एक शंका. भाचीनं धावत पास घेतला, एक पाय टेकला, उडी मारून दोन्ही पायांवर एकदम थांबली. मग एक पाय पुढे टाकून पास दिला. शिट्टी. तिचे सर म्हणतात दोन पायांवर थांबलं की कुठलाही पाय पिव्हट चालतो. मग?

भायखळ्याची

जंप स्टॉप! हिच्यासाठी मी कितीदा शिव्या खाल्ल्यात. मी नागपाड्याच्या मैदानांवर वाढले. त्या गल्ल्यांनी भारताच्या संघाला खेळाडू दिलेत, अब्बास मुंतसिरांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेही तिथलेच. तिथे शिकवायची पद्धत प्रेमळ नसते. पिव्हट सरकला की दहा चकरा.

पाटीवरची, दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दिसायला जुळ्या बहिणी. हवेत असताना चेंडू पकडला आणि थेट दोन्ही पायांवर एकदम उतरलं, तर ते मिळून पहिलं पाऊल. तिथे कुठलाही पाय पिव्हट करा, तुमच्या भाचीचे सर हेच म्हणतायत. पण आधी एक पाय टेकला, त्यावरून उडी मारली आणि मग दोन्हीवर उतरली, तर पहिलं पाऊल खर्च झालं आणि दोन्ही पाय मिळून दुसरं. आता पिव्हट उरलाच नाही. पाय उचलता येईल, पण टेकायच्या आत चेंडू सुटला पाहिजे. भाचीनं पाय पुढे टाकला, तो टेकला, मग पास दिला. शिट्टी बरोबर.

आमच्या कोचनी हे खडूनं शिकवलं. पायाभोवती बुटाच्या मापाची रेघ ओढायचे आणि समोरून दोघी चेंडू हिसकायला यायच्या. बूट रेघेबाहेर गेला की खडूची पावडर सोलला लागायची, वाद घालायला जागाच नाही. पावसाळ्यात रेघ पुसली जायची, तेव्हा ओल्या बुटाचा ठसाच पुरावा.

रात्रपाळी

खडूचा सोल, हे भारीये. इन्स्टावर शंभर ड्रिल बघितले, हे कुठे नाही.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत मुलगा हायस्कूल टीममध्ये आहे. सुट्टीत पुण्याला आणलं तेव्हा महिनाभर क्लबात खेळला, आणि परत आल्यावर पहिल्याच गेममध्ये ले-अपला दोनदा ट्रॅव्हल. मला कळेचना. मग उमगलं की अमेरिकेतल्या शाळांचं नियमपुस्तक वेगळं आहे, त्यात हे शून्याचे लाड नाहीत. ड्रिबल संपताना टेकलेला पायच पिव्हट होतो, दुसरा टाकून उडी मारा, पण पिव्हट परत टेकायच्या आत चेंडू द्या. म्हणजे धागाकर्त्याच्या लेकीचा दुसरा ले-अप इथल्या शाळेत ट्रॅव्हलच झाला असता. एकच पोरगं, एकच हालचाल, विमान बदललं की गुन्हा.

इथे अजून एक फरक. पडलेला खेळाडू चेंडू घट्ट धरून स्वतः टाइम-आउट मागतो आणि सुटतो.

शिट्टीवाला

हो, आणि ते टीव्हीवर बघून आपली पोरंही जमिनीवरून हातानं टीची खूण करतात. फिबाच्या नियमात खेळाडूला टाइम-आउट मागता येतच नाही. कोच किंवा पहिला सहायक कोच स्कोअररच्या टेबलकडे मागतो, आणि तोही खेळ थांबल्यावर मिळतो, नाहीतर समोरच्यानं बास्केट केल्यावर. तिसऱ्या प्रसंगासाठी लेकीला सांगा, पडल्यावर उठायची घाई नको. आडवं असतानाच जवळच्या मैत्रिणीला पास. कोणी नसेल तर बसल्या जागी ड्रिबल सुरू करायचा आणि टप्पा मारत उठायचं. उठताना चेंडू हातात विसावलेला नसला की झालं.

टवाळ_टग्या

बसल्या जागी ड्रिबल मारत उठायचं? मला नुसतं उठायला सोफ्याचा हात लागतो. हसून हसून पुरेवाट.

जुना_पॉइंटगार्ड

वय ६१. पुण्यात डेक्कनच्या कोर्टवर उमेदीची वर्षं गेली. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या काळी हे शून्य नव्हतं आणि आमचं काही अडलं नाही. रिंगखाली जायचं तर पाय नीट बसवून जावं लागे. आता पोरं चेंडू बगलेत मारून वरातीसारखी चालत जातात आणि त्याला कौशल्य म्हणायचं. मला विचाराल तर २०१७ चा बदल म्हणजे एनबीएच्या मागे फरपटत जाणं आहे.

आणि हा काही किरकोळ नियम नाही. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधणाऱ्या नेस्मिथनं १३ नियम लिहिले, त्यातला तिसराच हा: चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथून फेकायचा. हिवाळ्यात बंद हॉलमध्ये खेळायचा खेळ हवा होता. फुटबॉल आत आणला तर पोरं एकमेकांना लाकडी फरशीवर आपटणार. का आपटतात? चेंडूवाला पळतो म्हणून. पळणंच काढून टाकलं तर आपटायचं कारण उरत नाही. सगळा खेळ या एका कल्पनेवर उभा आहे. ड्रिबलसुद्धा नंतर आला.

भायखळ्याची

काका, तिसरा नियम पूर्ण सांगा ना. त्यातच पुढे लिहिलंय की चांगल्या वेगात धावताना चेंडू पकडणाऱ्याला थोडी सूट द्यावी. माणूस खांबासारखा जागेवर थिजत नाही हे नेस्मिथलाही ठाऊक होतं. सूट नेमकी किती, यावर पुढची सव्वाशे वर्षं भांडण चालू आहे. शून्य पाऊल म्हणजे त्याच सुटीचं आजचं माप.

आणि वरातीचं म्हणाल, तर युरो स्टेपही शुद्ध दोन पावलांचीच असते. लिथुआनियाचा मार्चुल्योनिस ती घेऊन १९८९ मध्ये एनबीएत गेला, पुढे अर्जेंटिनाच्या जिनोबिलीनं ती घरोघरी पोचवली. एक पाऊल उजवीकडे, दुसरं डावीकडे, बचाववाला मध्ये उभा. यात पाऊल जास्त पडत नाही, फक्त दिशा बदलते. डोळा फसतो म्हणून तोंडातून "स्टेप्स" निघतं.

जुना_पॉइंटगार्ड

सूट होती हे मान्य. वाक्य अर्धं सांगितलं, पकडलंत. युरो स्टेपबद्दलही माझा राग नाही, जिनोबिली मलाही आवडायचा. राग आहे तो पाय आपटत दोनदा त्याच पायावर लंगडी घालणाऱ्यांवर, आणि पंच बघत उभे असतात.

शिट्टीवाला

त्यावर तर नियम साफ आहे. ड्रिबल संपल्यावर तोच पाय लागोपाठ दोनदा टेकवता येत नाही. शून्य डावा आणि एक पण डावा, असं चालत नाही. लंगडी दिसली की मी देतोच.

चौथा_मजला

एक प्रामाणिक प्रश्न. १४ वर्षांखालच्या पोरींना दर वेळी शिट्टी मारायलाच हवी का? त्या मॅचमध्ये दोन्ही बाजूंना मिळून मी २३ ट्रॅव्हलिंग मोजले (व्हिडिओवरून, घरात मला कोणी बोलत नाही सध्या). खेळ सुरू झाला की थांबला. मुली रडकुंडीला आल्या होत्या.

पाटीवरची

+१. भाची तर आता पास आला की घाबरून लगेच दुसरीला देते. खेळतच नाही.

भायखळ्याची

मी लहान मुलींना शिकवते, माझं मत वेगळं आहे. आता सोडलं तर सतरा वर्षांखाली गेल्यावर तीच शिट्टी बसते, आणि तोपर्यंत पाय तसाच उचलायची सवय मुरलेली असते. मोडायला वर्ष जातं. शिट्टी हवी, पण शिट्टीनंतर पंचानं तीन शब्द सांगावेत: "पिव्हट आधी सुटला." काही पंच सांगतात. नुसत्या मुठी गरगर फिरवल्या तर पोरीला वाटतं आपण जास्त पळालो, मग ती पुढच्या वेळी हळू पळते. चूक पळण्याची नव्हतीच.

शिट्टीवाला

सांगतो मी, लहान गटात सांगतोच. पण खरं बोलायचं तर दिवसाला सहा मॅच असतात, पाचव्या मॅचला तोंड उघडत नाही. आणि लहान गटात मी एक भेद करतो. पाय घसरला, मागे कोणी नव्हतं, फायदा काही झाला नाही, तर कधी कधी नजर दुसरीकडे वळवतो. नियमात हे लिहिलेलं नाही, वरिष्ठांनी वाचलं तर कान धरतील. ड्रिबल सुरू करतानाचा मात्र सोडत नाही. तिथे बचाव करणारीला हकनाक चकवलं जातं, आणि ती पण कोणाची तरी लेकच आहे.

जर्सीकर

शेवटचं वाक्य गॅलरीत बोर्डावर लिहायला हवं.

चौथा_मजला

पटलं. भायखळ्याची, पहिल्या चुकीसाठी घरी काय करून घेऊ? हॉल ११ बाय १४ आहे आणि खाली तिसऱ्या मजल्यावर कटकटे राहतात (आडनाव नाही, स्वभाव).

भायखळ्याची

चेंडू न आपटता पण होतं. दोन पायांवर उभं करा, गुडघे वाकलेले, चेंडू हातात. उजवा पाय टाकायचा आणि त्याच क्षणी चेंडू उजव्या बुटाच्या थोडा पुढे, उशीवर सोडायचा. चेंडू उशीवर पडल्याचा आवाज आला की मगच डावा पाय निघाला पाहिजे. आवाज, मग पाय. रोज ३० वेळा उजवीकडे, ३० वेळा तोच पाय आडवा टाकून डावीकडे. पुढे पाऊल टाकून चेंडू मागे मांडीजवळ राहतो हा तिचा मूळ दोष आहे, तुम्ही फ्रेममध्ये बघितलात तोच. चेंडू पायाच्या पुढे गेला की उरलेलं आपोआप जमतं.

ले-अपला तिला तोंडानं मोजू द्या. पकडताना "शून्य", मग "एक", "दोन". मोठ्यानं. आमच्या ग्राउंडवर वीस पोरी एकदम मोजतात तेव्हा पाढ्यांचा वर्ग भरल्यासारखं वाटतं.

रात्रपाळी

आणि हातातून निसटलेला चेंडू? परवा मित्रांत भांडण झालं. पास नीट पकडला गेला नाही, चेंडू उडाला, भाऊ चार पावलं पळून पकडून आला. सगळे म्हणाले ट्रॅव्हल.

शिट्टीवाला

नाही. ताबाच आला नव्हता तर पावलं कुठून मोजणार? नीट पकडला तिथून हिशेब. तसंच बाहेरून थ्रो-इन करणाऱ्याला पिव्हट नसतो, ट्रॅव्हलिंग फक्त कोर्टच्या आत. त्याला वेगळी बंधनं आहेत, आडवं फार सरकता येत नाही, पण "पाय हलला, पाय हलला" म्हणून ओरडणारे पालक बघितलेत मी.

टवाळ_टग्या

धागाकर्ते, नाव न घेता तुमच्याबद्दल बोलतायत.

चौथा_मजला

अपडेट देतो. तीन आठवडे उशी चालली. कटकटे दोनदा वर येऊन गेले. लेक जिना चढतानाही शून्य, एक, दोन करते.

काल मॅच झाली. ट्रॅव्हलिंगची शिट्टी एकदाच बसली, आणि ती कशासाठी हे तिनं बेंचवर बसायच्या आधीच सांगितलं: जंप स्टॉपनंतर पाय टाकला. मला ते व्हिडिओत शोधावं लागलं.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिनं उभ्यानं पास घेतला, शूटची हूल दिली, समोरची मुलगी हवेत गेली. हिनं डावा पिव्हट ठेवून उजवा पाय तिच्या बाजूनं पुढे टाकला, मग डावा उचलला, उजव्यावरून उडी आणि बोर्डला लावून बास्केट. डावा परत टेकायच्या कितीतरी आधी चेंडू सुटला होता. शिट्टी नाही, पंचांनी दोन बोटं खाली आणली. समोरची अख्खी गॅलरी उभी राहिली, "स्टेप्स! स्टेप्स!"

माझ्या शेजारी समोरच्या संघातल्या एका मुलीचे वडील होते, सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. मी त्यांना शांतपणे सांगितलं, की पिव्हट उचलायला बंदी नाही, शूट करताना उचलता येतो, परत टेकायच्या आत चेंडू सुटला की झालं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती तुमचीच मुलगी ना?"

हो म्हटलं.

"मग तुम्हाला कसं दिसणार ट्रॅव्हल!"

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी बघितला नाही.